गरम पाण्याच्या गावाहून कोरडे परत कसे यावे

हॉटेल निवडताना फक्त आकडा पाहावा. त्याखालची बारीक अक्षरं वाचायला आपण सुट्टीवर निघालेलो नाही. जपानच्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचं गाव आहे. वर बर्फ, खाली गरम पाण्याचे झरे, मध्ये मिन्शुकू नावाच्या घरगुती सराया आणि लहानमोठी हॉटेलं. तिथे एखाद्या ठिकाणी दोन जेवणांसह दहा-बारा हजार येन दर दिसला की त्याचे मनातल्या मनात सहा-सात हजार रुपये करावेत आणि घरात जाहीर करावं, ‘चौघांची सोय झाली!’ जपानी सरायांमध्ये दर खोलीमागे नसतो, माणशी असतो. पण ही माहिती तिथल्या काउंटरवर, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पाकीट उघडताना मिळाली तर जास्त काळ लक्षात राहते.

तारखाही विचारपूर्वक घ्याव्यात. नववर्षाच्या सुट्टीत अख्खा जपान घराबाहेर पडतो आणि दर चढतात, म्हणून 30 डिसेंबर ते 2 जानेवारी हेच दिवस धरा. ते हुकले तर 15 जानेवारी. त्या रात्री नोझावात दोसोजिन या रस्त्याकडेच्या देवाचा अग्निउत्सव असतो. बेचाळिशीचे गावकरी लाकडी मनोऱ्यावर चढून बसतात, पंचविशीचे पोरगे खाली उभे राहून त्याचं रक्षण करतात आणि उरलेलं गाव पेटत्या मशाली घेऊन तो जाळायला धावतं. अशा रात्री आयत्या वेळी स्वस्त खोली मागणारा माणूसही प्रेक्षणीयच असतो.

हॉटेल स्वस्त का आहे, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. आलाच, तर उत्तर 1980 च्या दशकात सापडेल. पैशाचा फुगा फुगलेला, तरुण पिढी स्कीच्या नादाला लागलेली, आणि बिल्डर नावाची जमात सगळ्या देशांत सारखीच. नीगाता प्रांतातल्या युझावात तर टोलेजंग सुट्टीघरांची रांग उभी राहिली. 1990 साली तिथे गाला युझावा हे स्की-मैदान सुरू झालं. शिनकानसेन या बुलेट ट्रेनमधून उतरायचं, त्याच इमारतीत बूट चढवायचे आणि गोंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, बसायचं. मग फुगा फुटला, स्की करणारे कमी झाले, इमारती मात्र जागच्या जागी राहिल्या. युझावातले काही जुने फ्लॅट आज लाखभर येनाला, म्हणजे पुण्यात नवी स्कूटरसुद्धा येणार नाही इतक्या पैशांत विकायला असतात. हे वाचून तुमच्यातला गुंतवणूकदार जागा झाला असेल. झोपवा त्याला. दर महिन्याचा देखभालखर्च पाहूनच जुने मालक पळालेत.

मुद्दा असा, की तुमच्या हॉटेलातला गालिचा, भिंतीवरचा पिवळटपणा आणि लॉबीतलं गुलाबी दिव्यांचं झुंबर त्याच काळातलं आहे. ते पाहून नाक मुरडावं आणि ‘जपान म्हणजे एवढं पुढारलेलं ना?’ असं मोठ्याने म्हणावं. मराठी कोणाला कळत नाही असं समजूनच बोलावं. तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणारं एखादं आयटीतलं मराठी कुटुंब शेजारच्याच टेबलावर निघालं, तर लगेच गाव विचारावं.

खोलीत शिरताना चाकांची बॅग थेट तातामीवरून ओढत न्या. गवताच्या चटईवर दोन समांतर रेघा उठतात, त्यामुळे पुढच्या पाहुण्याला बॅग कुठे ठेवायची ते कळतं. स्लिपर काढू नका. संडासासाठी वेगळ्या स्लिपर असतात. त्या घालून जेवणघरापर्यंत गेलात तर सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जाईल. युकाता, म्हणजे हॉटेलने दिलेला सुती झगा, गुंडाळताना उजवी बाजू वर घ्या. जपानात तसा फक्त मृताला नेसवतात, पण मालकीणबाई भल्या असतात. हसू आवरत, दोन्ही हातांनी, त्या तुमच्या पोटावरचा युकाता स्वतः नीट करून देतील.

खोलीत घासलेटवर चालणारा फॅन हीटर असेल. तीन तासांनी तो आपणहून बंद पडतो, आणि आधी पिंपिं करून सांगतो. बटण दाबलं की पुन्हा तीन तास चालू. तुम्ही मात्र ते बटण न दाबता रात्री दोन वाजता खाली जाऊन तक्रार करावी. वाटेत व्हरांडा लागतो. बाहेरच्या आणि व्हरांड्याच्या तपमानात फरक शोधावा लागतो, कारण जुन्या जपानी इमारती माणूस बसतो तेवढीच जागा गरम करतात. सायबेरियाचा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ पितो आणि या डोंगरांना धडकला की सगळी बर्फ करून ओकतो. एवढ्या लांबून आलेल्या वाऱ्याला व्हरांड्यात थोडी जागा नको?

आता जेवण. दोन्ही जेवणं दरात धरलेली असतात. पण रात्रीचं जेवण सहा वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारचा चहा नुकता उरकलेला असतो तेव्हा. त्यामुळे साडेआठला खाली जावं. भांडी घासणाऱ्या माणसाला खुणेने ‘भूक’ कशी सांगायची, याचा सराव घरून करून या. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीपर्यंत अवाक्षर काढू नका. ताटावर बसल्यावर सांगा, म्हणजे स्वयंपाकघरात हालचाल होईल. ते बिचारे मासा उचलून टोफू ठेवतील. टोफूखालच्या रश्श्यात वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क आहे, सूपमध्ये आहे, भाजीच्या उकडीतही आहे. नोझावानाचं लोणचं, या गावच्या पाल्याचं, तेवढं निर्धास्त वाटेल. मग ‘यात काय खायचं?’ म्हणत तेच ढकलून द्या.

अर्थात तुम्ही सोबत छोटा इलेक्ट्रिक कुकर आणलाच असणार. भारतात 230 व्होल्टवर चालणारा, जपानात भिंतीतून 100 व्होल्ट. हिशोब केला तर कुकरची ताकद जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. मऊ भात आणि मेतकूट हा बेत रात्री नऊला लावावा, तांदूळ पहाटेपर्यंत कोमट होतात. आई म्हणतील, ‘आधण आलं का रे?’ खिडकीतून झऱ्याची वाफ आत येत असताना हा प्रश्न विचारायला वेगळीच मजा असते.

स्की हा या सहलीचा सर्वांत सोपा भाग, कारण तो तुम्हाला येत नाही. 1911 साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन मेजरने नीगातातल्या ताकादा इथे जपानी सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली, तेव्हा हातात एकच लांब काठी असायची. तुम्हाला दोन मिळतील, म्हणजे तुम्ही सैनिकांच्या दुप्पट तयारीने उतरता आहात. शिकवणीचे पैसे वाचवा. साहित्य भाड्याने घेताना मात्र एक फॉर्म भरावा लागतो: उंची, वय, बुटाचं माप, वजन, आणि स्की कितपत येतं. इथे मनमोकळेपणाने खोटं बोलावं. बुटाला पकडून ठेवणारी खिट्टी किती जोर पडल्यावर सुटावी, हे त्या आकड्यांवरून ठरवतात. वजन दहा किलो कमी सांगितलंत, तर जरा तोल गेला की स्की तुम्हाला सोडून पुढे निघून जाईल. ‘पट्टीचा खेळाडू’ या रकान्यात खूण केलीत, तर खिट्टी आवळून बसेल आणि पडताना गुडघ्यालाही सोबत नेईल. तुम्ही दोन्ही करा. बायकोदेखत खरं वजन लिहिण्यापेक्षा गुडघा परवडला.

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट, साहित्याचं भाडं, हातमोजे, चष्मा, सगळं मिळून खोलीच्या भाड्याला मागे टाकतं. दमडीची कोंबडी, रुपयाचा मसाला. त्यामुळे तिकीट काढायचं, लिफ्टने वर जायचं, फोटो काढायचे आणि त्याच लिफ्टने खाली यायचं. ओले मोजे खोलीतल्या हीटरवर वाळत घाला. खाली वाळवणखोली असते, पण तिथे सगळ्या हॉटेलचे बूट एकत्र वाळतात आणि तो वास सहन करण्यापेक्षा आपला स्वतःचा वास बरा.

हे सगळं झाल्यावर सायंकाळी अंग ठणकत असतं, मान वळत नाही, आणि चार पावलांवर जमिनीतून आपणहून गरम पाणी येत असतं. सहलीतला धोक्याचा क्षण हाच. इथे माणूस ढेपाळतो आणि पाण्यात उतरतो. तुम्ही उतरायचं नाही.

नोझावात गावाची अशी 13 स्नानगृहं आहेत. पाणी झऱ्यातून सरळ येतं, आणि आत जायला तिकीट नाही. दाराशी एक पेटी असते, त्यात जमेल ते नाणं टाकायचं. गेल्या कित्येक पिढ्या आसपासची घरं आपापसांत पाळ्या लावून ती झाडतात, धुतात, दुरुस्त करतात. या सगळ्यातून तुम्ही एकच निष्कर्ष काढावा: फुकट आहे, म्हणजे काहीतरी गडबड असणार. गेले चार महिने ‘स्वस्तात काय मिळेल’ म्हणून रात्र-रात्र फोन चाळणाऱ्या माणसाने गावातली सर्वांत उत्तम आणि जवळपास बिनपैशांची वस्तू नेमकी सोडून द्यायची, याला निग्रह लागतो. तो आपल्यात आहे.

हॉटेलातल्या हौदाबद्दलही शंका घ्या, आणि इथे तुम्हाला कायद्याचा आधार आहे. 1948 च्या जपानी कायद्याप्रमाणे जमिनीतून येणारं पाणी 25 अंशांचं असलं, किंवा ठरावीक क्षार त्यात पुरेसे असले, की ते ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा. जमिनीतून येण्याची अट नसती तर मे महिन्यात डोंबिवलीतल्या प्रत्येक गच्चीवरच्या टाकीला हा दर्जा मिळाला असता. 2004 साली तर नागानोतल्याच शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी नावाजलेल्या ठिकाणी पांढरा रंग यावा म्हणून काही हौदांत पूड मिसळत असल्याचं उघड झालं. तेव्हापासून नियम कडक झाले. पाणी तापवलंय का, साधं पाणी मिसळलंय का, तेच फिरवून वापरतात का, क्लोरीन घातलंय का, हे कपडे बदलायच्या खोलीत लिहून लावावं लागतं. स्वस्त हॉटेलात यांतल्या बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे भिंतीवर लावलेलं असतं. तो कागद जपानीत आहे म्हणून वाचू नका, आणि मग लपवाछपवी झाल्याचा आरोप करा.

तरीही कोणी आग्रह केलाच, तर खरी अडचण पुढे येते. कपडे. एकही चालत नाही. ज्याने उभं आयुष्य अकलोलीच्या कुंडात बनियन-चड्डीवर डुबकी मारली आणि नंतर पंचाच्या आडून लेंगा चढवण्याची विद्या कमावली, त्याला हे लोक आयुष्यभराची तपश्चर्या दारातल्या टोपलीत काढून ठेवायला सांगतात. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. पण अनेक हॉटेलांत हे पडदे सकाळी अदलाबदल करतात, त्यामुळे रात्रीच्या आठवणीवर विसंबून पहाटे शिरणाऱ्याची सहल वेगळ्याच कारणाने गाजते. आत कोणी कोणाकडे पाहत नाही, हे तुम्हाला चार जणांनी सांगितलेलं असतं. तुमची भीती ती नाहीच. ऑफिसातला शेजारच्या टीमचा कुलकर्णी तिथे भेटेल, आणि तोही म्हणेल, ‘अरे, तू इकडे कुठे?’

उतरलातच, तर आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून, साबण पूर्ण धुऊन मग पाण्यात जायचं असतं. म्हणून तुम्ही थेट पाण्यात जाऊन साबण मागा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. तुम्ही तो पाण्यात पिळा. सार्वजनिक स्नानगृहात पाणी 45 अंशांच्या आसपासही असू शकतं. एखादे आजोबा त्यात डोळे मिटून बसलेले असतात. त्यांना न विचारता गार पाण्याचा नळ सोडा आणि चालू ठेवा. आजोबा काही बोलणार नाहीत, फक्त डोळे उघडतील. बायकांनी चांदीची जोडवी आणि पैंजण घालूनच उतरावं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणजे घरी गेल्यावर सासूबाईंना विषय मिळतो.

गावात ओगामा नावाची जागा आहे. तिथे पाणी नव्वद अंशांच्या घरात असतं आणि गावकरी त्यात भाज्या आणि अंडी उकडतात. पाहुण्यांना आत प्रवेश नाही, कारण पूर्वानुभव असावा. तुम्ही कुंपणाशी उभं राहून, ‘आमच्याकडे असं असतं तर केव्हाच तिकीट लावलं असतं,’ असं म्हणा. हे विधान मात्र शंभर टक्के खरं आहे.

सकाळी दहाला खोली सोडायची असते. पावणेदहाला उठा. बिलात एक ओळ दिसेल: स्नानकर. बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन, रोजचे. इथेच तुमच्या संयमाचं चीज होतं. आम्ही पाण्यात पाय घातलेला नाही, तेव्हा हा कर परत करा, असं ठणकावून सांगा. चौघांचे, मुक्कामाचे, गुणाकारासकट कागदावर मांडून दाखवा. या करातून झऱ्यांची देखभाल होते, गावाचे आगीचे बंबही येतात, हे काउंटरवरचा माणूस समजावू पाहील. ‘आग आम्ही लावलेली नाही,’ म्हणा. तो वाकून नमस्कार करेल. तुम्हीही वाका, तो पुन्हा वाकेल, आणि तुमच्यामागे बिलासाठी उभे असलेले सहा जण घड्याळ न पाहता घड्याळ पाहतील. हे कितीही वेळ चालू शकतं, फक्त इइयामा स्टेशनला जाणारी बस दाराबाहेर लागलेली असते आणि ती वेळेवर सुटते. एवढं एक वाक्य या लेखात मी गंभीरपणे लिहिलेलं आहे.