1864 हे साल पालिकेचं, पाडलेल्या इमारतीचं नव्हे

जुन्या नागपुरातल्या पाडलेल्या पालिका कार्यालयाचा फोटो ग्रुपवर फिरतोय. खाली मजकूर: 'भोसल्यांनी 1864 साली बांधलेली महानगरपालिका. नुसता चुना, लोखंडाचा तुकडा नाही. चुना कुजला म्हणून पाडली.' यातलं एकही वाक्य टिकत नाही.

तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. 1864 मध्ये इथे इंग्रजांच्या मध्य प्रांताचा कारभार होता. त्या साली नगरपालिका स्थापन झाली, आणि त्याच साली महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा जळाला; नगारखाना तेवढा वाचला. महानगरपालिका आली 1951 मध्ये, 1948 च्या कायद्यानुसार. संस्थेचं साल इमारतीला चिकटवल्यामुळे हा सगळा घोळ झालाय.

'लोखंड नाही' म्हणणाऱ्यांनी फोटो मोठा करून बघावा. ढिगाऱ्यात गर्डर आहेत आणि त्यांच्या मधे विटांच्या बसक्या कमानी, म्हणजे जॅक आर्चचं छत. नागपुरात रेल्वे पोचली 1867 मध्ये. त्याआधी एवढे गर्डर बैलगाड्यांवर लादून आणणं पालिकेला कुठून परवडणार? ते मागाहून दुरुस्तीत घातले असते, तर टोकांभोवतीचे विटांचे थर फोडून पुन्हा भरलेले दिसले असते. उभ्या राहिलेल्या भिंतीत ते थर सलग आहेत. म्हणजे गर्डर मुळातलेच, आणि इमारत रेल्वे आल्यानंतरची. नुसत्या चुन्यावरून मात्र काळ ठरवू नये. चुन्यातलं बांधकाम विसाव्या शतकातही सर्रास होत होतं.

आणि चुना कुजत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. गच्चीचं पाणी भिंतीत मुरून गर्डरची टोकं गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून कमानीला गर्डरलगत लांब तडा जातो. हा दोष देखभालीचा आहे, चुन्याचा नाही.

नेमकं साल हवं असेल तर आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेच्या भूमापन उताऱ्यावर) विसंबू नका, ती जागेचा हक्क सांगते. सरकारी इमारत पाडण्याआधी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव होतो. बांधकामाचं वर्ष त्यात शोधा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि 'निर्लेखन प्रस्ताव, मंजुरीचा आदेश' अशी कागदांची नावं घालून प्रती मागा. 'इमारतीचा इतिहास द्यावा' एवढंच लिहिलंत, तर 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. मुदत 30 दिवसांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.