'नुसता हात फिरवला': तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या मालिश केंद्राबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच लिहायला बसले असते तर स्वतःची बाजू सावरल्यासारखं झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. तेवढ्यात तुमचा फॉर्म काढून पाहिला, तुमची मालिश करणाऱ्या दोन्ही ताईंशी बोलले, काउंटरवरच्या मुलीशीही बोलले. तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलंय तेवढ्याचाच उल्लेख इथे करते. फॉर्मवरचं बाकी काही इथे येणार नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. रिव्ह्यू लिहिणाऱ्या ताईंना चार वर्षांपासून फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, आहे. फॉर्मवर तसं लिहूनही पहिल्या वेळी त्यांची पाठ आणि खांदे कोपराने रगडले गेले. 'दुखतंय' म्हटल्यावर 'गाठी आहेत, थोडं सोसा, उद्या मोकळं वाटेल' असं उत्तर मिळालं. नंतरचे तीन दिवस त्या अंथरुणात होत्या. हे सांगायला आल्या तेव्हा काउंटरवर 'पण रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?' असं ऐकावं लागलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या ताईंनी 'नुसता हात फिरवला' आणि पुन्हा ९०० रुपये घेतले.

पहिल्या दिवसाची चूक पूर्णपणे आमची आहे. तुमच्या फॉर्मवर 'इतर आजार' या रकान्यात स्पष्ट अक्षरात लिहिलेलं आहे. तो फॉर्म काउंटरवरून सरळ फायलीत गेला, आतल्या खोलीपर्यंत पोचलाच नाही. मी त्या दिवशी केंद्रात नव्हते, पण त्याने काही बदलत नाही. फॉर्म भरून घ्यायचा आणि वाचायचा नाही, यापेक्षा तो न घेतलेला बरा. निदान तुम्ही तोंडाने सांगितलं असतं. तुमच्या अंगाला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते.

ज्या ताईंनी त्या दिवशी मालिश केली त्या सोळा वर्षं बाळंतिणींची मालिश करत आल्यात. त्यांच्या हाताला जोर आहे, आणि बाळंतिणीला तो जोर हवासा वाटतो. माझेही वडील इथे कोल्हापुरात तालमीत पैलवानांची मालिश करायचे. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर घट्ट झालेल्या मांड्या तळहाताच्या टाचेने रगडायच्या, पैलवान कण्हला तरी हात थांबवायचा नाही. 'दुखलं की मोकळं होतं' हे आम्ही असंच शिकत आलो. दिवसभर मेहनत करून थकलेल्या धडधाकट अंगाला ते चालतं. तुमच्या अंगाला ते चालत नाही, आणि हे ओळखणं आमचं काम होतं.

का चालत नाही, हे जरा सविस्तर लिहिते, कारण असा त्रास असलेल्या बऱ्याच जणी हे वाचतील. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराचे निकष ठरवले, तेव्हा अंगभर तीन महिन्यांहून जास्त दुखणं आणि त्याबरोबर १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागी दाबल्यावर दुखणं, असं धरलं होतं. दाब किती, तर साधारण ४ किलो, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल एवढाच. २०१० च्या निकषांत जागा दाबून बघायची ती पद्धत काढून टाकली, पण तो अंगठा मला आजही उपयोगाचा वाटतो. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला मी तो स्वतःच्या मांडीवर टेकवून बघायला लावते. नख पांढरं होतं, आणि तिला काहीच दुखत नाही. मग सांगते, एवढ्यानेच जिला कळ येते तिच्या पाठीवर तू कोपर ठेवणार आहेस का? त्या दिवशी आमच्या जुन्या ताईंना हे विचारायचं राहून गेलं. त्या वयाने आणि अनुभवाने मोठ्या आहेत म्हणून मी त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.

आता 'रिपोर्ट नॉर्मल' या वाक्याबद्दल. मला सगळ्यात जास्त ते लागलं. या आजारात रक्त तपासा, एक्स-रे काढा, आजार त्यात दिसत नाही. बिघाड असतो तो वेदनेचा निरोप नेणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रणेत, मज्जारज्जूत आणि मेंदूत. साधा स्पर्श तिथे पोचेपर्यंत मोठा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा दीर्घकाळच्या दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिलेली आहे. म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराचं लक्षण सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

माझ्या आईला हा त्रास होता. तिच्या वेळी त्याला कुणी नाव दिलं नाही. तिचेही रिपोर्ट नॉर्मलच यायचे, आणि घरात त्याचा अर्थ 'हिला काम नको' असा व्हायचा. मी मालिश शिकत होते तेव्हा रोज रात्री तिच्या पाठीवर हात चालवायला जायचे, तर ती म्हणायची, "दाबू नको गं, नुसता हात ठेव." मला राग यायचा. एवढं शिकतेय आणि ही मला काही करूच देत नाही. मग एका रात्री खरंच काही न करता, पालथ्या झोपलेल्या आईच्या दोन खांद्यांच्या मधे तळहात ठेवून बसले. बऱ्याच वेळाने तिचा श्वास हाताखाली लांब झाला, मान उशीत एका बाजूला कलली आणि ती झोपली. त्या काळात तिला रात्री सलग झोप लागत नसे. आज हे केंद्र मी ज्या पद्धतीने चालवायचा प्रयत्न करते ते त्या रात्रीमुळे. म्हणूनच तुमचा फॉर्म न वाचला जाणं मला इतकं झोंबलं.

दुसऱ्या वेळच्या मालिशबद्दल मात्र माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. त्या दिवशी ताईंनी केलं ते ठरवून केलं होतं. आपल्या कातडीत, विशेषतः लव असलेल्या भागात, मंद आणि मऊ स्पर्शाला प्रतिसाद देणारे काही बारीक मज्जातंतू असतात. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने आणि अंगाच्या उबेने फिरला की ते सर्वात चांगले जागे होतात. ३ सेंटिमीटरचा वेग धरला तर मानेपासून कमरेपर्यंत उतरायला हाताला पंधरा सेकंद लागतात. तुम्ही घड्याळ लावून करून बघा, पंधरा सेकंद किती लांब असतात ते कळेल. सवयीचा हात तीन-चार सेकंदांत खाली येतो. चाळीस मिनिटं तो वेग आणि तोच हलका दाब टिकवणं रगडण्यापेक्षा अवघड आहे. जोर लावायला खांदे पुरतात, हलक्या हाताला सगळं लक्ष लागतं.

पण तुम्हाला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. तीन दिवस अंथरुणात काढून धीर करून तुम्ही परत आलात, आणि समोरची बाई न बोलता हळूहळू हात फिरवू लागली. 'आता घाबरून कामच करत नाहीत' असं तुम्हाला वाटलं असेल तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. सुरू करण्याआधी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. आणि हेही विचारायला हवं होतं की फिरता हात तुम्हाला सोसतो का. काही जणींना हलका फिरता स्पर्शच जास्त झोंबतो. त्यांना एका जागी स्थिर ठेवलेला तळहात किंवा कपड्यावरून दिलेला कोमट शेक बरा वाटतो.

किती फरक पडेल, याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. नऊ चाचण्या आणि ४०४ रुग्ण एकत्र धरून केलेलं एक विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यात पाच आठवडे किंवा त्याहून जास्त मालिश घेतलेल्यांना दुखणं, काळजी आणि उदासी या तिन्हींत उतार दिसला. एक-दोन वेळच्या मालिशबद्दल तसं म्हणता येत नाही. दुसरीकडे, युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या शिफारशींत ठाम शिफारस फक्त व्यायामाची आहे. मालिशची शिफारस त्यांनी केलेली नाही, कारण पुरावा कमकुवत आहे. माझा धंदा मालिशचा आहे, तरी हे लपवून मी तुमच्याकडून पैसे घेणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी सांगतात की हलक्या मालिशनंतर त्या रात्री झोप बरी लागते आणि दुसऱ्या दिवशी थोडं चालायला जाववतं. तेवढंच मी सांगू शकते. बाहेरच्या बोर्डवर 'वेदनामुक्ती' असा शब्द होता. तो सोमवारी रंग मारून झाकून टाकला.

आणखी काय बदललं: फॉर्म आता मालिश करणारी ताईच समोर बसून भरते. दुखणं शून्य ते दहात किती, हे आधी आणि नंतर विचारायचं. पहिली वेळ वीस मिनिटांचीच. 'थांबा' म्हटलं की हात उचलायचा, कारण विचारायचं नाही. 'सोसा' हा शब्द खोलीत वापरायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा ठिसूळ हाडं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काउंटरवरच्या मुलीला तुमची माफी मागायची आहे. मी तिला सांगितलंय की तुम्ही बोलायला तयार असाल तरच.

पहिल्या वेळचे ९०० रुपये तुम्ही ज्या खात्यातून भरले होते त्यावर आज परत केले आहेत. दुसऱ्या वेळचे करत नाहीये. ते परत केले तर हलका हात म्हणजे कामच नाही, असं मीच म्हटल्यासारखं होईल, आणि त्या ताईंनी त्या दिवशी नीट काम केलं होतं. हा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तेही इथे लिहा.

परत यावंसं वाटलं तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते आणि मी स्वतः असते. सैल सुती कपडे घालून या, औषधांची चिठ्ठी बरोबर आणा. त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. आधी बसून बोलू, आणि हात लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा.