‘चहासारखं पाणी आणि लांबून धबधबा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. सोलापूर–नळदुर्ग सहल आम्हीच काढतो. गाडीवर माझे दीर असतात, बुकिंग आणि बाकीचं मी बघते.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की जाहिरातीत दुधासारखा धबधबा होता आणि प्रत्यक्षात चहासारखं गढूळ पाणी निघालं. किल्ल्यातला पाणीमहाल दाखवला नाही, ड्रायव्हर मुलांवर खेकसला, तुळजापूर परस्पर रद्द झालं, जेवायला तीन वाजले. आणि शेवटी: ‘लोकांची शेतं वाहून गेलीत आणि हे तिथे सहली काढून पैसे कमावतात.’ या वाक्यावर दोन दिवस काही लिहायला सुचलं नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

फोटोचं तुमचं बरोबर आहे. तो मागच्या वर्षीचा, पाऊस शांत असतानाचा होता. पाणीमहाल बंद आहे हे मला शनिवारी संध्याकाळी कळलं. मी ग्रुपवर टाकलं, पण तुमचं बुकिंग शेवटच्या क्षणी झालेलं, तुम्ही ग्रुपमध्ये नव्हताच. एक फोन करायचा होता, तो राहिला. माणशी ३०० रुपयांप्रमाणे चौघांचे १,२०० रुपये तुमच्या खात्यावर परत पाठवलेत.

तुळजापूरचं मात्र आमच्या हातात नव्हतं. कोजागरीच्या तोंडावर सोलापुरातून हजारो माणसं आईच्या दर्शनाला चालत निघतात, त्या दिवसांत तो रस्ता गाड्यांसाठी बंद होतो. सोलापूरकराला हे सांगावं लागत नाही. तुम्ही पुण्याहून आलात, तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता पाण्याबद्दल. नळदुर्गचा नर-मादी हा डोंगरावरून पडणारा धबधबा नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर किल्ल्याला जोडून धरणाची भिंत बांधली, तिच्यावरून दोन ठिकाणी पाणी पडतं, एक नर आणि एक मादी. भिंतीच्या पोटात पाणीमहाल. पाणी डोक्यावरून जातं, खिडकीसमोर पडतं, आणि आत माणूस कोरडा राहतो. वरचं बोरी धरण भरून सांडायला लागलं की हे दोन्ही सुरू होतात. २०२५च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला तो तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. सीना नदीच्या पुरानं माढा, मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला. तुळजापूर तालुक्यातही रानं खरडून गेली. तुम्हाला जो चहा दिसला ती त्या रानांतली काळी माती होती. ऊन पडलं म्हणून ती चार दिवसांत खाली बसत नाही.

मुलांवर दीर ओरडले, हे खरं. तुमचा मोठा मुलगा कठडा ओलांडून खालच्या खडकावर निघाला होता. तो खडक शेवाळलेला आहे, आणि नळदुर्गात लख्ख ऊन असलं तरी वर कुठे पाऊस पडला की पाणी बघता बघता चढतं. मला दिरांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. शब्द जरा नीट वापरता आले असते, ते त्यांना बोलले आहे. पण उद्या पुन्हा कुणी कठडा ओलांडला तर ते पुन्हा ओरडतील, आणि त्यासाठी आणखी एक स्टार गेला तरी चालेल.

जेवणाचं सांगते. आम्ही ज्या घरी जेवायला नेतो त्यांचा गोठा पावसात पडला, सरपण भिजलं. मी म्हटलं, या वेळी हायवेवरच्या धाब्यावर नेते. तर त्या मावशी म्हणाल्या, ‘सोयाबीन तर गेलंच, आता ताटंबी नेता का?’ १७ ताटं होती. ओल्या लाकडावर भाकरी व्हायला वेळ लागला. (शेंगाभाजी आवडली असं तुम्हीच गाडीत म्हणाला होता, ते रिव्ह्यूत आलं नाही, असो.) ताटामागे ठरलेले पैसे त्याच दिवशी रोख दिले. पंचनाम्याचे पैसे येतील तेव्हा येतील.

म्हणून ‘पैसे कमावतात’ हे मी नाकारत नाही. कमावतो, आणि त्यातले काही तिथेच ठेवून येतो. सहली बंद केल्या असत्या तर त्या घरातली एवढीसुद्धा आवक थांबली असती. पुराच्याच दिवसांत दोन ग्रुपनी मला विचारलं होतं, ‘सीनेचा पूर बघायला गाडी मिळेल का?’ दुप्पट भाडं द्यायला तयार होते. दोघांनाही नाही म्हटलं. सीनाकाठच्या गावांत आम्ही आजही गाडी नेत नाही.

पण तुमच्या रिव्ह्यूतली रीलबद्दलची ओळ मला लागली आणि ती खरी आहे. येताना आपल्याच गाडीतल्या दोघांनी पडक्या घरासमोर उतरून रील काढलं, घरची बाई दारात उभी असताना. गाडी थांबवायलाच नको होती. दीर म्हणतात, मला वाटलं कुणाला उलटी होतेय. पण रील सुरू झाल्यावर तरी त्यांना गाडीत बसवायचं होतं. आता वाटेत गाडी फक्त ठरलेल्या दोन ठिकाणी थांबते, हे निघण्याआधीच सांगतो.

पाणीमहाल उघडला की तुम्हाला स्वतः फोन करीन, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जाहिरातीतला फोटो काल बदलला. नवा फोटो दिरांनी कठड्याच्या अलीकडून काढलाय, पाणी त्यात चहासारखंच दिसतं.