बी.कॉम.च्या हाती मायक्रोपिपेट

नव्या शैक्षणिक धोरणाने ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायची सोय, आणलं आणि बी.कॉम., बी.ए.ची पोरं माझ्या मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या लॅबमध्ये येऊन पडली. हाच विषय का घेतला, म्हणून विचारलं. "बाकीचे फुल्ल झाले होते, मॅडम." निदान खोटं तरी बोलली नाहीत.

पहिलं प्रॅक्टिकल फळातून डीएनए काढण्याचं. पुस्तकात केळं दिलंय, पण नाशिकात राहून केळं कशाला? द्राक्षं आणली. ती चिरडायची, मीठ आणि भांड्याचा साबण घालायचा, गाळायचं आणि वरून गार अल्कोहोल सोडायचं. द्राक्षं नि अल्कोहोल एकाच टेबलावर दिसताच मागे खुसखुस सुरू झाली. गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांचा विषय निघाला. तोवर निम्मी द्राक्षं पोटात गेली होती. उरलेल्यांतून पांढरे तंतू वर आले, तेव्हा मात्र सगळे मोबाइल काढून उभे.

खरा छळ मायक्रोपिपेटचा, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून उचलणाऱ्या नळीचा. तिच्या बटणाला दोन थांबे. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक द्रवात बुडवायचं, हळू सोडायचं. दुसरा थांबा फक्त रिकामं करताना. जगातला प्रत्येक नवखा पहिल्याच दमात दुसरा थांबा गाठतो, आणि टिपमध्ये जास्तीचा माल येतो.

"किती घ्यायचंय, मॅडम?"

"दहा मायक्रोलीटर. मिलीलीटरचा शंभरावा भाग."

"मग चौदा आलं तर राउंड ऑफ करू ना."

आता या पोराचा अकाउंट्सचा पेपर कोण तपासतं, देव जाणे.

जेलची गोष्ट वेगळी. जेल म्हणजे खाचा पाडलेली जेलीची वडी; खाचांत डीएनए निळ्या रंगासोबत भरायचा. डीएनएवर ऋण प्रभार असतो, म्हणून वीज सोडली की तो धन टोकाकडे, म्हणजे लाल वायरकडे सरकतो. हे मी तीनदा सांगितलं, चेहरे कोरेच. शेवटी सुरगाण्याचा एक राज्यशास्त्रवाला म्हणाला, "म्हणजे २०१८चा शेतकऱ्यांचा लाँग मार्चच की! लाल झेंड्यामागे." क्षणात सगळ्यांना कळलं. माझी पीएच.डी. पाण्यात.

कळूनही एका गटाने वायरी उलट्या जोडल्याच. थोड्या वेळाने बघते तर निळा रंग खाचेतून मागे, जेलच्या काठापलीकडे गेलेला. त्यामागून डीएनएही बफरमध्ये, म्हणजे जेलभोवतीच्या द्रावणात, विरघळून गेला होता.

"गेला म्हणजे कुठे गेला, मॅडम?"

"त्या पाण्यात."

चौघांनी वाकून पाण्यात पाहिलं. मग एकीने काळजीने विचारलं, "पण आमची हजेरी लागेल ना?"