सुई टोचली? आधी लसीचं कार्ड काढा

बाहेर पडलेली इंजेक्शनची सुई पोराला टोचली की आईबापाच्या डोक्यात एकच शब्द घुमतो. एड्स. लेकीच्या अंगठ्यावरचा रक्ताचा ठिपका बघून माझ्याही डोक्यात तोच आला होता. त्यानंतर डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की आज ठामपणे सांगते: काळजी बरोबर आहे, पण ती भलत्याच ठिकाणी खर्च होते.

एचआयव्हीबाधित रुग्णाला नुकतीच वापरलेली सुई नर्सला किंवा डॉक्टरला टोचली, तरी संसर्गाची शक्यता साधारण ३०० मध्ये १. तेही ताज्या रक्ताचं. रस्त्यावरच्या सुईत रक्त असलंच तर थोडं आणि बहुतेक वेळा वाळलेलं, आणि वाळल्यावर हा विषाणू लवकर निकामी होत जातो. शिवाय ती सुई कुणाच्या इन्सुलिनचीही असू शकते.

खरा चिवट निघाला तो यकृतावर हल्ला करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू. शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई लागली तर धोका ६ ते ३० टक्के! त्याचं नाव मात्र घाबरलेल्या घरात कुणी काढत नाही. आणि नेमकी याच्यावरच लस आहे, बहुतेक मुलांना ती तान्हेपणीच मिळालेली असते. म्हणून आधी कार्ड काढा. डोस राहिले असतील तर लस लगेच, आणि गरज वाटली तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं, इंजेक्शनही देतात, ते शक्यतो २४ तासांत. धनुर्वाताचंही त्याच वेळी विचारून घ्या.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची, बस. पिळून रक्त काढणं, तोंडाने चोखणं, ब्लीच ओतणं हे प्रकार आजही घराघरांत चालतात आणि ऐकूनच डोकं फिरतं.

मग त्याच दिवशी डॉक्टर. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. प्रत्येक मुलाला लागतात असं नाही. मळमळ, उलट्या होतात, म्हणून तो निर्णय डॉक्टरांवर सोडा. पण ‘सोमवारी दाखवू’ म्हणून तो निर्णय त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

पहिल्या दिवशीची रक्ततपासणी फक्त आधीची स्थिती सांगते, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पुढच्या तपासण्या काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी. तोवर साधा ताप आला तरी पोटात गोळा येतो, त्याला इलाज नाही. त्या काळात पोराचं ताट-टॉवेल वेगळं करायला सांगणारे नातेवाईक भेटतील. एकत्र जेवल्याने, कुशीत घेतल्याने एचआयव्ही होत नाही. त्यांना दारातूनच वाटेला लावा.

आणि ‘हात कशाला लावलास?’ हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी गिळा. ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि इथे हिशोब तासांचा असतो.

जाब विचारायचाच तर सुई उघडी टाकणाऱ्या मोठ्यांना विचारा. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात साठवाव्यात आणि तो डबा कचऱ्यात न टाकता दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात विचारून द्यावा. एवढं जड आहे का?