बंदूक कपाटात, मत कुणाला?

अमेरिकेतल्या बंदुकांचा विषय निघाला की आपल्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास येतं: "बंदूकवाला म्हणजे ट्रम्पवाला." तिथे वीस वर्षं राहिलेलेही हेच म्हणतात. वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते इतकं चिवट आहे.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ३२ टक्के प्रौढांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं. रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाचे, आणि त्यांच्याकडे झुकणाऱ्यांत हे प्रमाण ४५ टक्के, डेमोक्रॅटांच्या बाजूला २०. इथपर्यंत सगळे वाचतात आणि थांबतात. आता हिशेब उलटा करा. दोन्ही बाजूंची शंभर-शंभर माणसं घ्या. बंदूकवाले निघतील ६५, त्यांतले २० डेमोक्रॅट बाजूचे. म्हणजे साधारण दहातले तीन. देशभरात बंदूकवाले आठ कोटींवर; त्यांतले तीन दशांश म्हणजे जवळपास अडीच कोटी माणसं. महाराष्ट्रात एवढी मतं मिळाली तर सरकार येतं!

हे सगळं सर्वेक्षणावरून सांगावं लागतं, कारण १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला सर्वसाधारण बंदूकमालकांची नोंदवही ठेवायलाच मनाई केली आहे.

इतिहास तर या समजुतीची पार दैना करतो. १९६७ साली कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणं कायदेशीर होतं. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते ओकलंडमध्ये तशाच बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत. त्यावर बंदी आणणारं विधेयक मांडलं रिपब्लिकन आमदार मलफर्ड यांनी, सही केली रिपब्लिकनच असलेले गव्हर्नर रेगन यांनी. उलट व्हरमाँट पाहा. १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटांना कौल देणारं हे राज्य, पण पिस्तूल लपवून जवळ बाळगायला तिथे पूर्वापार परवाना लागत नाही. तिथल्या बर्नी सँडर्स यांनी १९९३ साली खरेदीआधीच्या तपासणीच्या ब्रेडी विधेयकाविरुद्ध मत दिलं होतं. शिकारीच्या राज्यात डाव्यालाही शिकाऱ्याची मतं लागतात, एवढं साधं आहे ते. आणि पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात बंदूक खरेदीचं वय २१ करणाऱ्या कायद्यावर सही होती रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांची.

दुकानात काय होतं, तेही बघा. परवानाधारक दुकानदार खरेदीचा केंद्राचा फॉर्म ४४७३ पुढे ठेवतो. पिस्तुलासाठी वय २१, रायफल-शॉटगनसाठी केंद्राच्या नियमाने १८. काही राज्यं याहून कडक. नाव, जन्मतारीख, वंश, नागरिकत्व, गुन्हे, घरगुती हिंसा, अमली पदार्थ असं सगळं विचारतात. पक्ष विचारत नाहीत. मग एफबीआयच्या यंत्रणेकडून उत्तर येतं: पुढे जा, थांबा किंवा नाही. 'थांबा' आलं आणि कामकाजाचे तीन दिवस उलटूनही निर्णय आला नाही, तर केंद्रीय कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. २१ च्या आतल्यांसाठी २०२२ पासून ही मुदत दहा दिवसांपर्यंत वाढू शकते. बऱ्याच जणांचं घोडं त्याआधीच अडतं, ते घर बदलून ओळखपत्रावरचा पत्ता न बदलल्यामुळे.

गांजाचा प्रश्न जास्त महागात पडतो. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या नियमात तो अजून बेकायदा आहे, आणि फॉर्मवर तसं छापलेलंही आहे. खरं लिहिलं तर विक्री तिथेच थांबते, खोटं लिहिलं तर गुन्हा. अमली पदार्थांच्या याच प्रश्नाचं उत्तर खोटं दिल्याबद्दल २०२४ मध्ये दोषी ठरले ते हंटर बायडन, म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्षांचे चिरंजीव. वडिलांनी नंतर माफी दिली, तो भाग वेगळा.

राहता राहिले आपले लोक. ग्रीन कार्ड असेल तर खरेदीला केंद्राची आडकाठी नाही. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर मात्र बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्हीला मनाई आहे. यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे कुठल्याही राज्याचा शिकारीचा वैध परवाना. त्याची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली, तर ती बाळगणंही गुन्हा ठरतं, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख आधी लिहून ठेवा.