‘डिझेलशिवाय फिफ्थ व्हील नाहीच’: या सल्ल्यात खरं किती?

अमेरिकेत पहिला मोठा कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो, आणि मराठी ग्रुपांवरही तो जसाच्या तसा फॉरवर्ड होतो. आशय असा: दहा हजार पौंडांच्या पुढचा फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकवून ओढायचा कॅम्पर) पेट्रोल पिकअप ट्रकने ओढायचा नाही. डिझेलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दुपटीहून जास्त. पेट्रोल इंजिन घाटात किंचाळतं आणि लवकर बसतं. डिझेल ट्रक वजन जास्त पेलतो. उतारावर डिझेलच सांभाळून घेतं. आणि जादा मोजलेले पैसे मायलेजमध्ये वसूल होतात.

यातला उताराचा मुद्दा बराचसा खरा आहे. टॉर्कचा आकडा खरा, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. वजन पेलण्याचा मुद्दा तर चक्क उलटा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

(अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. इथे पेट्रोलच म्हटलंय, नाहीतर सीएनजीशी गल्लत व्हायची.)

‘डिझेल ट्रक वजन जास्त पेलतो’

फिफ्थ व्हील बंपरखालच्या गोळ्याला अडकवत नाहीत. न्हावा-शेवाहून कंटेनर घेऊन निघणारा ट्रेलर जसा घोड्याच्या, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकच्या, पाठीवर बसतो, तसा हा कॅम्पर पिकअपच्या हौद्यातल्या हिचवर (जोडणीवर), मागच्या एक्सलच्या जवळपास वरच बसतो. त्यामुळे त्याच्या एकूण वजनाचा १५ ते २५ टक्के भाग ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि मागच्या टायरांवर येतो. हे पिन वेट; पिन म्हणजे कॅम्परचा हिचमध्ये अडकणारा खुंटा. हिशेबाला २० टक्के धरावेत.

तीन-चतुर्थांश टनी वर्गातला (अर्धा, पाऊण, एक टनी ही पिकअपच्या वर्गांची नुसती नावं, खरी क्षमता नव्हे), चार दारांचा, चारही चाकांना ड्राइव्ह असलेला ट्रक घेऊ. दारावरच्या स्टिकरवर एकूण वजनमर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, १०,००० पौंड. पेट्रोल इंजिनासह, टाकी भरून हा ट्रक ६,८०० पौंड भरतो असं धरू. डिझेल इंजिन, त्याचा टर्बो, कूलर, डीईएफ (धूर स्वच्छ करणारा द्रव) याची टाकी हे सगळं मिळून तोच ट्रक सहज सातशे पौंडांनी जड होतो, म्हणजे ७,५००. वजनमर्यादा मात्र तेवढीच राहते. पेट्रोलवाल्याकडे उरले ३,२०० पौंड, डिझेलवाल्याकडे २,५००.

आता चढवा: भरलेला कॅम्पर ११,२०० पौंड, म्हणजे पिन वेट २,२४०. हिच २००. चौघांचं कुटुंब ६००. हौद्यातलं किरकोळ सामान १००. बेरीज ३,१४०. पेट्रोल ट्रक साठ पौंड राखून बसला. डिझेल ट्रक ६४० पौंडांनी मर्यादेबाहेर गेला. इंजिन कितीही दमदार असलं तरी पाटे, एक्सल आणि टायर त्याला विचारून वजन घेत नाहीत.

यावर उपाय आहे: एक टनी वर्गातला ट्रक. तिथे मागे दोनच चाकं असली तरी मर्यादा साधारण ११,००० ते १२,०००च्या घरात जाते आणि डिझेलचं जादा वजन पचून जातं. म्हणजे सल्ला द्यायचाच तर ‘डिझेल घ्या’ऐवजी ‘एक टनी घ्या’ असा द्यायला हवा. त्याने किंमतही डिझेलपेक्षा कमी वाढते.

इथे एक चूक फार जण करतात. ब्रोशरमधलं पिन वेट कोरड्या कॅम्परचं असतं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड वाढले. त्यात बॅटऱ्या, सिलिंडर, भांडीकुंडी, खुर्च्या. बहुतेक फिफ्थ व्हीलमध्ये सामानाचा मोठा कप्पा पुढे, पिनच्या जवळ असतो, त्यामुळे भरलेलं सामान आधी पिनवर उतरतं. कोरडं वजन विसरून जावं. कॅम्परच्या स्वतःच्या जीव्हीडब्ल्यूआरचे २० टक्के काढावेत आणि तेवढं झेपत असेल तरच पुढे जावं.

‘टॉर्क दुपटीहून जास्त, म्हणून पेट्रोल घाट चढूच शकत नाही’

आकडे खरे आहेत. फोर्डचं ७.३ लिटर पेट्रोल व्ही-८ इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ४८५ पौंड-फूट टॉर्क देतं. त्याच कंपनीचं ६.७ लिटर डिझेल १,६०० फेऱ्यांवर १,०५०. पण घाट चढायला लागते ती शक्ती, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले ५,२५२. डिझेल १,६०० फेऱ्यांवर ३२० अश्वशक्ती देतं. पेट्रोल त्याच फेऱ्यांवर निम्मीही देत नाही, पण ४,४०० फेऱ्यांवर ३९०च्या आसपास देतं. मधला फरक गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल भरून काढतात. त्यासाठीच तर ते आहेत.

किती शक्ती लागते ते कागदावर काढता येतं. वरचा ट्रक आणि कॅम्पर मिळून १९,००० पौंड धरा. सहा टक्क्यांच्या चढावर निव्वळ चढाचा विरोध १,१४० पौंड. टायरांचा साधारण १९०. ताशी ४५ मैलांवर एवढ्या उंच खोक्याला वारा सुमारे ३६० पौंडांनी मागे ढकलतो. एकूण १,६९०. याला ४५ने गुणून ३७५ने भागलं की चाकांपाशी २०३ अश्वशक्ती. गिअर-एक्सलमधली गळती धरून इंजिनाकडून २४०. समुद्रसपाटीला कमाल ४३० अश्वशक्ती देणाऱ्या ७.३ पेट्रोल इंजिनासाठी हे आरामाचं काम आहे. हाच चढ ताशी ६० मैलांनी घ्यायचा म्हटलं तर ३७० लागतात, आणि मग पाय तळाला टेकतो. पेट्रोलवाला घाट चढतो, पण उजव्या लेनमधून.

या मुद्द्यातला खरा भाग उंचीचा आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावतं. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे ४३०चे २९०च्या आत येतात, आणि चढ सात टक्क्यांचा. म्हणजे ताशी ४० ते ४५ मैल. त्याहून जास्त मागू नये. डिझेलचा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. दर महिन्याला रॉकी पर्वत ओलांडायचा असेल तर डिझेल घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो, मात्र विकत घेतानाच बघायचं. डीलरच्या आवारात तयार उभा असलेला ट्रक बहुधा ३.५५ किंवा ३.७३चा असतो. ४.३०चा एक्सल ३.५५पेक्षा चाकाला २१ टक्के जास्त टॉर्क पोचवतो, आणि गाडी-कॅम्पर मिळून ओढायची मर्यादा त्यानुसार हजारो पौंडांनी बदलते. ‘पेट्रोलने ओढवत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसते, ३.५५ची असते.

‘४,५०० फेऱ्यांवर इंजिन लवकर बसतं’

आवाज येतो म्हणजे इंजिन मोडतंय असं नाही. ७.३चा शक्तीचा कळस ५,५०० फेऱ्यांवर आहे. ४,५०० त्याच्या कामाच्या टप्प्यात येतात. फोर्ड ७.३, जीएमचं ६.६ आणि रॅमचं ६.४ या तिन्ही पेट्रोल इंजिनांचे ब्लॉक ओतीव लोखंडाचे आहेत. ती याच कामासाठी बनवली आहेत.

इंजिनाला खरा त्रास फेऱ्या कमी ठेवण्याने होतो. आवाज नको म्हणून चालक वरच्या गिअरमध्ये रेटत राहतो किंवा क्रूझ कंट्रोलवर सोडून देतो. मग गिअर खालीवर होत राहतात, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. चढ सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावावा, क्रूझ बंद करावा, गिअर स्वतः खाली घेऊन धरून ठेवावा. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान १९० ते २२० फॅरनहाइटमध्ये राहिलं तर चिंता नाही. २३०च्या पुढे सरकायला लागलं की आणखी एक गिअर खाली आणि वेग कमी. फेऱ्या वाढतात, पाण्याचा पंपही जोरात फिरतो, इंजिन थंड राहतं.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: कोलोरॅडो, युटासारख्या डोंगराळ राज्यांत पंपावरचं सर्वांत स्वस्त ‘रेग्युलर’ ८५ ऑक्टेनचं असतं. ओझं मागे असताना ते भरू नये. नॉक होऊ नये म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि आधीच उंचीने घटलेली शक्ती आणखी घटते. किमान ८७ भरावं, रॅमच्या ६.४ला ८९ची शिफारस आहे, आणि घाटाच्या दिवशी ९१ भरलं तर पैसे वाया जात नाहीत.

‘उतारावर डिझेलच सांभाळतं’

हे मान्य. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक बटण दाबून लागतो आणि दहा मैलांचा उतार ब्रेकला फारसा पाय न लावता उतरता येतो. पेट्रोलमध्ये फक्त इंजिनाची ओढ असते, आणि ती मिळायला फेऱ्या ४,००० च्या आसपास ठेवाव्या लागतात.

पण ‘सांभाळतच नाही’ हे खोटं. वरच्याच गाडीला सहा टक्क्यांच्या उतारावर ४५चा वेग स्थिर ठेवायला सत्तरेक अश्वशक्ती रोखावी लागते. त्यातला मोठा वाटा खालचा गिअर उचलतो. उरलेल्यासाठी ब्रेक, पण सतत टेकवून नाही. ठरवलेल्या वेगाला पोचलात की ठाम दाबा, तीनेक सेकंदांत पाच मैल उतरवा, पाय पूर्ण उचला. ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापतात, आणि तापलेला ड्रम फुगून ब्रेक-शूपासून लांब जातो. पेडल दाबूनही पकड येत नाही ती त्यामुळे.

कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक यात अर्धं काम करतात, म्हणून ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन (कॅम्परचे ब्रेक किती जोराने लागावेत ती सेटिंग) आधी लावून घ्यावा. सपाट, कोरड्या, मोकळ्या जागेत ताशी २०-२५ मैलांवर पेडल न लावता नुसता कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा. कॅम्परने ट्रकला स्पष्ट मागे खेचलं पाहिजे, पण चाकं लॉक व्हायला नकोत. लॉक झाली तर गेन अर्ध्या अंकाने (०.५) कमी करत जा. कॅम्पर रिकामा असताना लावलेला गेन भरल्यावर पुरत नाही.

‘मायलेजमध्ये पैसे वसूल’

नव्या ट्रकमध्ये डिझेल इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जादा पडतात. वर्षाला कॅम्परसह ६,००० मैल, पेट्रोल ८ आणि डिझेल ११ मैल प्रति गॅलन, भाव अनुक्रमे ३.२० आणि ३.८० डॉलर धरले, तर पेट्रोलचे २,४०० आणि डिझेलचे २,०७० डॉलर होतात. वर्षाला ३३० डॉलरची बचत, तीही डीईएफ आणि महागडे फ्युएल फिल्टर न धरता. तीस वर्षं लागतील. विकताना डिझेलला भाव चांगला येतो, त्यातून बरेच परत मिळतात हे खरं; पण ते मायलेजचे पैसे नाहीत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

पेट्रोलची खरी अडचण मेसेजमध्ये नसतेच: पंप. ट्रक स्टॉपवरच्या मोठ्या ट्रकांच्या लेनमध्ये बहुधा फक्त डिझेल मिळतं. पन्नास फुटांची गाडी घेऊन पेट्रोलवाल्याला मोटारींच्या पंपावर शिरावं लागतं, वर छताची उंची बघत आणि बाहेर पडायला वळण मिळेल का याचा अंदाज घेत. ३४ गॅलनच्या टाकीवर ८च्या मायलेजने, राखीव सोडून, २२० मैल. म्हणजे दिवसातून दोनदा ही कसरत. पंप आदल्या रात्री उपग्रह नकाशावर बघून ठेवावेत.

या सल्ल्याला चिडून दिलेलं उत्तरही तेवढंच फसवं असतं: ‘अर्धा टनी पेट्रोल ट्रकसुद्धा १३,००० पौंड ओढतो, ब्रोशर बघा.’ त्या ट्रकची वजन पेलण्याची क्षमता बहुधा १,७०० पौंडांच्या आसपास. त्यातून कुटुंबाचे ६०० आणि हिचचे २०० वजा केले की पिनसाठी ९०० उरतात. म्हणजे ४,५०० पौंडांचा फिफ्थ व्हील. एवढा हलका शोधूनही मिळणं कठीण.

आणि कॅम्परच १४,००० पौंडांच्या पुढचा असेल तर पिन वेट तीन हजारांच्या जवळ जातं. तिथे एक टनी डिझेल, आणि कॅम्पर त्याहून जड असेल तर मागच्या एक्सलवर चार चाकं असलेलाच, यावर वाद नाही.

कागदावरचा हिशेब खरा आहे का, हे ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर कळतं. काट्याला वेगवेगळे पट्टे असतात: पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, कॅम्परची तिसऱ्यावर. कुटुंब, पाणी, सामान सगळं भरून आधी जोडलेल्या अवस्थेत वजन घ्या. समजा पुढे ४,३००, मागे ५,६४०, कॅम्परच्या एक्सलवर ८,९६०. मग कॅम्पर सोडून, तीच माणसं आणि तेवढंच इंधन ठेवून, नुसत्या ट्रकचं वजन घ्या: ७,७००. जोडलेल्या ट्रकचे ९,९४० वजा ७,७०० म्हणजे पिन वेट २,२४०. मागच्या एक्सलचा ५,६४० हा आकडा दारावरच्या स्टिकरवरच्या मागच्या एक्सलच्या मर्यादेशी आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या भाराच्या दुपटीशी ताडून पाहा, मगच घाटाला लागा.